द्राक्षाच्या बियांच्या तेलाने साखर उतरते का?

तुम्ही विचारलंय की वडील ५८ वर्षांचे आहेत, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.३ आलंय, ट्रायग्लिसराइडही (रक्तातली एक चरबी) वाढलंय. नाशिकला फिरायला आले असताना कुणीतरी द्राक्षबियांच्या तेलाची बाटली हातात दिली आणि सांगितलं, रोज सकाळी उपाशीपोटी मोठे दोन चमचे घ्या, साखर उतरेल. तर द्यावं का?

औषध म्हणून चमच्याने देऊ नका. स्वयंपाकात वापरायला हरकत नाही.

मी नाशिकचाच, आमची थोडी बाग दिंडोरीकडे. हे तेल मी हौसेने काढून पाहिलंय. खायची द्राक्षं बहुतेक बिनबियांची, त्यामुळे बिया मिळतात त्या वाईनच्या द्राक्षांच्या चोथ्यातून. ओळखीच्या वायनरीतून चोथ्याची पोती आणली. आंबूस वास आणि चिलटांचे थवे. बायको दोन दिवस गच्चीवर फिरकली नाही. वाळवून, गव्हाच्या चाळणीने चाळून दहा किलो बिया निघाल्या. घाणेवाल्याने मूठभर हातात घेतल्या आणि विचारलं, "खडी आणलीत का?" अर्धा दिवस घाणा फिरला तेव्हा जेमतेम अर्धा लिटर हिरवट तेल पडलं. बीमध्ये तेलच मुळात १० ते १५ टक्के, त्यातलं निम्मं पेंडीत राहिलं. म्हणून बाजारात येणारं बरंचसं तेल हेक्झेनसारख्या द्रावकाने काढून मग रिफाइन केलेलं असतं. महाग का, तेही यातच आलं.

आता त्या तेलात असतं काय? ६५ ते ७५ टक्के लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६ प्रकारचं स्निग्धाम्ल. थोडं ओलेइक, दहाएक टक्के संपृक्त चरबी, थोडं ई जीवनसत्त्व. आता करडईचं तेल आठवा. आपल्या नेहमीच्या करडईतही लिनोलेइक सत्तरच्या पुढेच असतं. आजीच्या चटणीवर जी धार पडायची, तिच्यात आणि तुमच्या त्या बाटलीत स्निग्धाम्लांच्या हिशोबाने फारसा फरक नाही. फरक आहे तो किमतीत आणि बाटलीच्या देखणेपणात.

"ओमेगा-६ म्हणजे विष, त्यानेच सूज येते, त्यानेच साखर वाढते" हेही हल्ली खूप ऐकू येतं. तेही खरं नाही. २०१७ मध्ये लॅन्सेटच्या मधुमेहविषयक नियतकालिकात दहा देशांतल्या २० अभ्यासांची, ३९,७४० माणसांची माहिती एकत्र मांडली होती. ज्यांच्या रक्तात लिनोलेइक सगळ्यात जास्त, त्यांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचं प्रमाण सगळ्यात कमी असलेल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी निघालं. पण हा नुसता संबंध आहे. बाटली तोंडाला लावली की साखर उतरते, असं त्यातून निघत नाही. पक्कं म्हणावं असं एवढंच: तूप, वनस्पती तूप, पामतेल यांच्या जागी असं तेल आलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल खाली येतं. "जागी" हा शब्द महत्त्वाचा. रोजच्या तेलावर वरून आणखी दोन चमचे ढकलले तर ते ३० मिली, म्हणजे जवळपास २४० कॅलरी. तीन फुलके जास्त खाल्ल्यासारखंच. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसाला हे कशाला?

बाटलीवर अँटीऑक्सिडंट मोठ्या अक्षरात छापलेलं असेल. द्राक्षबियांमधली ती प्रसिद्ध अँटीऑक्सिडंट द्रव्यं, म्हणजे पॉलिफेनॉल, तेलात विरघळत नाहीत, पेंडीत राहतात. रक्तदाब थोडा उतरल्याचे जे प्रयोग सांगतात ते बियांच्या अर्काचे, कॅप्सूलचे. त्या अर्काचं श्रेय या तेलाच्या नावावर खपवलं जातं. माझी ती पेंड घाणेवाल्यानेच ठेवून घेतली. फायद्याचा माल त्याच्याकडे गेला म्हणायचा!

डाळिंबाच्या बियांचं तेलही कुणी सुचवेल, सटाणा-मालेगावचा माल आहेच. (तिकडे बागाईतदाराला 'तेल्या' म्हटलं की डाळिंबावरचा रोगच आठवतो, तेल नाही.) त्यात प्युनिसिक आम्ल नावाचं स्निग्धाम्ल असतं. उंदरांमध्ये इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद त्याने सुधारलेला दिसलाय. माणसांवरचे प्रयोग छोटे, थोड्या आठवड्यांचे आणि एकमेकांशी न जुळणारे आहेत.

तुमच्याच घरचा हिशोब करा. महिन्याला तेल किती लागतं? आमच्या घरी चौघांत पाच लिटर संपायचं, म्हणजे माणशी रोज चाळीस मिलीच्या वर, आणि रविवारच्या मिसळीची तर्री त्यात धरलेलीच नाही. मी बाटलीतून धार ओतणं बंद करून चमच्याने मोजायला लागलो. आता तीन लिटरमध्ये भागतं. शेंगदाणा आणि करडई आलटून पालटून, कुठलंही अनोखं तेल नाही.

ती बाटली आता आणलीच आहे तर कोशिंबिरीवर, चटणीवर घाला, पण त्या दिवशी दुसरं तेल तेवढं कमी करा. तळणीला नको, असं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की लवकर खराब होतं. झाकण घट्ट लावून अंधारात ठेवा, खवट वास आला की टाकून द्या. वडिलांची गोळी चालू असेल तर तेलाच्या भरवशावर ती बंद करू नका. जेवणात जो बदल कराल तो तीन महिने टिकवा आणि मगच एचबीए१सी पुन्हा करा, त्याआधी केलं तर आकड्यात जुनेच दिवस मोजले जातील.