गावात राहून गावाबद्दल इंटरनेटवर खरं लिहिता येतं का?

तुम्ही विचारलंय की खेड्यात राहून स्वतःच्या नावानं गावातल्या गोष्टी इंटरनेटवर लिहिल्या तर कायदा आडवा येतो का. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून सात वर्षं लिहितोय, नावानिशी. कायदा अजून आडवा आला नाही. आडवी आली ती आई.

झालं असं, गव्हासाठी आणलेली युरियाची एक बॅग घरात पडून होती, शिवण न उसवलेली. युरियाची बॅग २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली. (शेतकरी किलो मोजत नाही, बॅगा मोजतो, बॅगच लहान केली की युरिया आपोआप कमी पडेल, हा सरकारचा हिशेब. आमच्याकडे लोक म्हणाले, मंग एक जास्त टाका.) तर डोक्यात किडा वळवळला, की खेडा खरेदीवाल्याच्या, म्हणजे गावातच कापूस विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या, काट्यावर ही बॅग किती भरते पाहू. समाजसुधारणा वगैरे काही मनात नव्हतं, नुसती खाज.

कापसाच्या गाठोड्यांसोबत बॅग नेली, काट्यावर ठेवली. लाल आकडे थोडे नाचले आणि ४३.९ वर थांबले. फोटो काढला. मग तीच बॅग मोटरसायकलवर टाकून पिठाच्या गिरणीत. तिथं ४५.१. म्हणजे बॅगेत खोट नव्हती. क्विंटलमागे अडीच किलोच्या आसपास काटाच खात होता, आणि ओलाव्याच्या नावानं वजनातून कापलेला दोन किलो कडता वेगळा.

दोन्ही फोटो टाकले, खाली चार ओळी. कोणाचं नाव नाही, गावाचंही नाही. पण कापसाचा काटा गावात एकच!

संध्याकाळी काटेवाले स्वतः आले. नात्यानं मामाजी लागतात. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, मग फोन माझ्यापुढे धरला.

"काऊन रे, हे माह्यावर लिहिलं काय?"

"तुमचं नाव कुठी हाय त्याच्यात, मामाजी?"

"नाव कायले पायजे? मांगं माह्या घराचा हिरवा दरवाजा दिसते ना."

दरवाजा खरंच दिसत होता. मी फोटो काढताना फक्त आकडा पाहिला होता. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गेल्यावर आई म्हणाली, "तुह्या बाबाच्या तेरवीले गाडी त्यायनंच देल्ली होती. ते नाई लिहिलं तू?" याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, आजही सुचत नाही.

कायद्याची धमकी दिली ती त्यांच्या पोरानं. "६६अ लावतो." इंटरनेटवर आक्षेपार्ह लिहिलं म्हणून शिक्षा देणारं, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं हे कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, तिथून तो खटला उभा राहिला. पण मेलेलं कलम खेड्यात अजून भूत होऊन फिरते. खेड्यातच कशाला, २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कोणावर खटला चालवू नका. बदनामीचं कलम मात्र जिवंत आहे, भारतीय न्याय संहितेत ३५६. त्यात खऱ्या गोष्टीला सवलत आहे, पण ती लोकहितासाठी सांगितलेली असावी लागते. म्हणून गिरणीतला दुसरा फोटो महत्त्वाचा. तो नसता तर माझ्याजवळ फक्त संशय होता. आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापनवाल्यांकडून, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून, पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. मी त्या पोराला शिक्का दाखव म्हटलं, तर तो गाडीला किक मारून गेला.

पोस्ट मी काढली नाही. दरवाजा तेवढा कापून फोटो पुन्हा टाकला. गंमत म्हणजे, आजही लोक काट्याबद्दल नाही, तर 'बॅगेतले पाच किलो कुठं गेले' हेच विचारायला येतात.

या हंगामात आमचा कापूस तालुक्याला नेला. भाडं अंगावर पडलं. मामाजी रस्त्यात दिसले तर राम राम होते, पण आई अजून त्यांच्या घरासमोरून न जाता मारुतीच्या पारामागून फिरून जाते.