इन्स्पिरेशन देताना हात आखडू नकोस

पहिल्यांदाच डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) होतोयस, तर एक सांगतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं वठवायच्या खेळाच्या २०१४च्या नियमांतलं इन्स्पिरेशन, म्हणजे पात्र स्वभावाला धरून खेळल्याबद्दल डीएमने द्यायचं बक्षीस, बऱ्याच टेबलांवर कागदावरच राहतं. डीएमच्या डोक्यात राक्षसाचे हिट पॉइंट्स (त्याच्यात किती जीव उरलाय ते) चाललेले असतात, आठवणार कधी? मी इन्स्पिरेशनची खूण म्हणून पत्त्यांतले जोकर समोरच ठेवतो. दिसले की आठवतं.

नाटकी आवाज काढला म्हणून देऊ नकोस, लाजाळू खेळाडूवर तो अन्याय. स्वभावापायी पात्राने स्वतःचा तोटा ओढवून घेतला की दे. आमच्या टेबलावरच्या चोराचा दोष होता हावरटपणा. पहारेकरी जिन्यात आलेले, आणि हा पठ्ठ्या मूर्तीच्या डोळ्यातला माणिक उचकटत बसला! सगळे पकडले गेले. बाकीचे शिव्या घालत असतानाच मी त्याच्यापुढे जोकर सरकवला. पुढे कोठडीचं कुलूप उघडताना त्याने तो वापरला: वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे, मोठा आकडा धरायचा.

एका वेळी एकच मिळतं, साठवता येत नाही. म्हणून सढळ हाताने दे. (२०२४च्या नियमांत टाकलेला फासा पुन्हा टाकता येतो. मला जुनंच बरं वाटतं.) आणि हो, आपलं इन्स्पिरेशन दुसऱ्या खेळाडूलाही देता येतं, हे पहिल्याच दिवशी सांगून टाक.