खिडकीवरचं मातीचं घर खरवडू नका

प्रश्न: उन्हाळ्यात अंगणातले पक्षी आणि कीटक बघायचा छंद लावून घ्यायचा आहे. दुर्बीण कोणती घ्यावी, पाणी कसं ठेवावं? आणि खिडकीच्या चौकटीवर लांब कमरेच्या एका माशीने मातीचं घर केलंय. ते पाडून फवारा मारला तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. तुमचं हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणूनच लिहायला घेतलं. बघण्यासारखी गोष्ट आपण होऊन तुमच्या खिडकीवर आली आहे, आणि तीच पाडून दुर्बीण घ्यायची म्हणताय.

ही कुंभारीण. ती एकटी राहते. गांधीलमाशीसारखी राणी नाही, कामकरी माश्या नाहीत, त्यामुळे घर राखायला कोणी झुंडीने अंगावर येत नाही. डंख आहे, पण तो शिकार लुळी करण्यासाठी. चिमटीत धरलीत किंवा कपड्यात अडकली तरच मारेल. हातभर अंतरावर उभं राहून खुशाल बघा.

ओल्या मातीवर उतरून ती जबड्याने लहानशी गोळी वळते, उचलून आणते आणि लिंपते. लिंपताना ती अंग थरथरवते. कान जरा जवळ नेलात तर बारीक गुणगुण ऐकू येईल. त्या थरथरीने माती सैल होते आणि सारखी पसरते. एका गोळीचा एक पट्टा उमटतो. माती दोन जागांहून आणलेली असेल तर पट्ट्यांचे रंगही वेगळे दिसतात, तेवढ्यावरून ती किती ठिकाणी फिरते याचा अंदाज बांधता येतो.

नळीसारखा कप्पा झाला की कोळ्यांची शिकार सुरू. आणलेला कोळी मेलेला नसतो, लुळा असतो. मेलेला असता तर अळी खायच्या आत सडला असता. एका कप्प्यात असे दहा-पंधरासुद्धा कोंबलेले असतात. त्यातल्या एकावर अंडं घालते, तोंड मातीने बंद करते आणि शेजारी पुढचा कप्पा सुरू करते. अळी आतला साठा खात वाढते, कोष करते आणि शेवटी माशी होऊन गोल भोक पाडून बाहेर पडते. बंद कप्पा म्हणजे आत बहुतेक कोणीतरी आहे, गोल भोक म्हणजे ते निघून गेलं. भोकातून चकचकीत हिरवी-निळी लहान माशी निघताना दिसली तर तीही नोंदवा. ती परक्या घरात अंडं घालणारी असते, तिची अळी कुंभारणीच्या पिल्लाच्या जिवावर वाढते.

तुमचं घर नळ्यांचं नसून गळा असलेल्या चिमुकल्या मडक्यासारखं असेल तर ती दुसरी कुंभारीण. तिचा क्रम उलटा असतो. आधी छताला बारीक धाग्याने अंडं टांगते, मग खाली लुळ्या अळ्या भरते.

घड्याळ घेऊन बसा. प्रत्येक फेरीची वेळ लिहा, सोबत काय आणलं तेही, माती की शिकार. मातीच्या फेऱ्या लवकर होत असतील तर ओल जवळ आहे. फार वेळ लागत असेल तर उथळ थाळीत चिकण माती कालवून ठेवा. दाबली तर बोट उमटेल पण पाणी वर साचणार नाही इतपत ओली. वाळूची गोळी वळत नाही, ती फुटते. याच चिखलावर फुलपाखरंही बसतील, बहुतेक नर. ते मातीतले क्षार शोषतात आणि मिलनाच्या वेळी मादीला देतात.

आता फवाऱ्याबद्दल. पाखरांसाठी पाणी ठेवायचं आणि किड्यांवर औषध मारायचं, ही दोन्ही कामं एकाच घरात कशी होतात हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. 'आम्हाला पक्षी आवडतात, किडे नाही' हे वाक्यच चुकीचं आहे. चिमणी दाणे खाते, पण तिची पिल्लं पहिले काही दिवस मुख्यतः मऊ किड्यांवर वाढतात. बुलबुल फळं खातो आणि पिल्लांना अळ्या, किडेही भरवतो. तुम्ही मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, मारता तेव्हा घरट्यातलं अन्नच काढून घेता. त्याच फवाऱ्यात काळ्या अंगावर नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी दिसणारी अळीही मरते. ती लेडीबगची अळी, मावा खाऊन साफ करणारी. तिलाच कीड समजून मारणारे खूप आहेत. गुलाबाच्या पानांच्या कडेला कंपासने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले की लगेच औषध आणणारेही तसेच. ती पानकापी माशी. पान खात नाही, पिल्लांच्या कप्प्यांना अस्तर म्हणून नेते, आणि झाडाचं त्याने काही बिघडत नाही.

दुर्बीण ८ बाय ४२ घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं ४२ मिलिमीटर रुंद असलेली. १० पट मोठं दाखवणारीत हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. कीटकही बघायचे असतील तर ती किती जवळचं स्पष्ट दाखवते ते आधी तपासा, २ मीटर किंवा त्याहून कमी हवं. माझ्या मते त्याआधी १० पटीचं भिंग घ्यावं. ते डोळ्याला लावून धरायचं आणि वस्तू अडीच सेंटीमीटरपर्यंत जवळ आणायची. भिंग हातभर लांब धरून काही दिसत नाही.

पाणी उथळ हवं, २ ते ५ सेंटीमीटर. भांडं खरबरीत मातीचं आणि सावलीत. धातूचं तापतं, गुळगुळीत प्लॅस्टिकवर पाय घसरतात. पाण्यावर डोकं काढणारे दोन-तीन दगड ठेवा, नाहीतर मधमाश्या बुडतात. झुडपापासून २-३ मीटर दूर, म्हणजे मांजर दबा धरू शकणार नाही. रोज पाणी बदला आणि कडा घासा. काही डास पाण्याच्या रेषेलगत अंडी चिकटवतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. पाव, खारट पदार्थ ठेवू नका.

पक्षी सकाळी लवकर आणि संध्याकाळी बघा, कीटक ऊन चढल्यावर. भर दुपारी चतुर काडीवर बसून शेपटाचं टोक सूर्याकडे उभं धरतो, म्हणजे अंगावर ऊन कमीत कमी पडतं. चोच उघडी ठेवून धापा टाकणारा पक्षी आजारीच असतो असं नाही. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, ते असेच थंड होतात. पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर दिसलं तर उचलू नका, आईबाप जवळच असतात. बिनपिसांचं पिल्लू मात्र घरट्यात परत ठेवा. हात लागला म्हणून आई टाकून देते ही समजूत खोटी आहे.

घर पाडू नका, जवळून बघा म्हटलं ते कुंभारणीबद्दल. दाराच्या वर कागदासारखं, षटकोनी कप्प्यांचं पोळं लटकलं असेल तर ती गांधीलमाशी. ती पोळ्यासाठी हल्ला करते. तिथे लांब राहा, घरात कोणाला डंखाची ॲलर्जी असेल तर माहीतगाराकडून काढून घ्या. कुंभारणीनेही पाइपाच्या तोंडात किंवा विजेच्या बोर्डात माती भरायला घेतली तर पहिल्या दोन-चार पट्ट्यांतच पुसून टाका, म्हणजे ती दुसरी जागा बघेल.

भोकं पडलेलं जुनं घरही यंदा राहू द्या. एकट्या राहणाऱ्या दुसऱ्या माश्या त्यात येतात. एखाद्या कप्प्याचं तोंड मातीऐवजी पानाच्या गोल चकत्यांनी बंद झालेलं दिसलं, तर तुमच्या गुलाबाचे तुकडे कुठे गेले ते कळेल.