प्रमाण विचलन: फरकांचा वर्ग कशाला, आणि भागायचं पाचाने की चाराने?

सूत्र पाठ आहे, पण फरकांचा वर्ग का करायचा ते कळत नाही, आणि कॅल्क्युलेटर त्याच आकड्यांची दोन वेगळी उत्तरं दाखवतो, असं तुम्ही लिहिलंय. मी मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनचं काम करतो. प्रमाण विचलन, म्हणजे आमच्याकडे ज्याला सगळे सिग्मा म्हणतात, ते आम्हाला रोज लागतं. म्हणून उदाहरण तिथलंच घेतो.

समजा दोन सीएनसी लेथवर २० मिमी व्यासाच्या पिना चालू आहेत. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, अधिक-उणे ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दोन्हींवरच्या पाच-पाच पिना उचलून मायक्रोमीटरने मोजल्या. पहिल्या मशीनच्या आल्या २०.०१, १९.९९, २०.००, २०.०२, १९.९८. दुसऱ्याच्या २०.०५, १९.९६, २०.००, २०.०३, १९.९६. बेरीज करून बघा, दोन्हींची सरासरी बरोबर २०.०० येते. शिवाय दहाच्या दहा पिना टॉलरन्समध्ये आहेत, गेज लावलं तर सगळ्या पास. तरीही दुसरं मशीन मी तसंच चालू ठेवू देणार नाही. सरासरीवरून सेटिंग कुठे आहे एवढंच कळतं. त्या सेटिंगच्या आजूबाजूला माल किती पसरतोय, हे कळायला दुसरा आकडा लागतो.

तो काढू. पहिल्या मशीनचे सरासरीपासूनचे फरक मायक्रॉनमध्ये लिहा: +१०, −१०, ०, +२०, −२०. यांची बेरीज शून्य. ती कुठल्याही आकड्यांची शून्यच येणार, कारण सरासरी म्हणजे दोन्ही बाजूंचे फरक जिथे फिटतात तो बिंदू. त्यामुळे फरकांची नुसती सरासरी काढून हाती काही लागत नाही, चिन्ह घालवावंच लागतं. वर्ग केले की १००, १००, ०, ४००, ४००, बेरीज १०००. दुसऱ्या मशीनचे फरक +५०, −४०, ०, +३०, −४०. त्यांचे वर्ग २५००, १६००, ०, ९००, १६००, बेरीज ६६००. या बेरजांना चाराने भागा (पाचाने का नाही ते पुढे सांगतो): २५० आणि १६५०. हा झाला व्हेरिअन्स. पण त्याचं एकक आहे मायक्रॉनचा वर्ग, आणि त्याची तुलना टॉलरन्सशी करता येत नाही. म्हणून वर्गमूळ घ्यायचं: पहिल्याचं १५.८ मायक्रॉन, दुसऱ्याचं ४०.६ मायक्रॉन.

आता हे आकडे ५० च्या टॉलरन्सशेजारी ठेवा. पहिल्या मशीनला दोन्ही बाजूंना तीन सिग्मांहून थोडी जास्त जागा आहे, दुसऱ्याला जेमतेम सव्वा सिग्मा. माप घंटेच्या आकाराच्या वक्रानुसार पसरतं असं धरलं, तर पहिल्यावर हजारात दोनेक पिना बाहेर जातील आणि दुसऱ्यावर शंभरात वीसेक. पाच पिनांवरून काढलेला अंदाज ढोबळच असतो, खात्रीसाठी पंचवीस-तीस तरी मोजाव्यात. पण मशीन थांबवून इन्सर्ट (कापणारं पातं) आणि चक (पीस धरणारा भाग) तपासायला एवढा फरक मला पुरे आहे. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये कंट्रोल चार्ट मांडला, त्याच्यामागे हाच विचार आहे. सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सिग्मांवर रेषा आखायच्या आणि बिंदू त्यांच्या बाहेर गेला की कारण शोधायचं.

चिन्ह घालवायला नुसती ऋण चिन्हं पुसली असती तर? ते चालतं. त्याला सरासरी विचलन म्हणतात आणि ते चुकीचं मुळीच नाही. पण वर्गाचा एक फायदा असा आहे की त्यासाठी मी बाकी सगळं सोडायला तयार आहे: एकमेकांवर अवलंबून नसलेल्या गोष्टींचे व्हेरिअन्स सरळ बेरजेत जातात. पिनेच्या व्यासाचं विचलन ३ मायक्रॉन आणि ती ज्या बोअरमध्ये, म्हणजे भोकात, बसते त्याचं ४ मायक्रॉन असेल, तर दोघांमधल्या फटीचं विचलन ७ येत नाही. ९ आणि १६ मिळून २५, त्याचं वर्गमूळ ५. पायथागोरसच आहे हा! सरासरी विचलनाची अशी सरळ बेरीज होत नाही.

आता चार की पाच. सगळा मालच मोजला असेल, म्हणजे त्या पाच पिनांपलीकडे तुम्हाला काही जाणायचंच नसेल, तर पाचाने भागा. पहिल्या मशीनचं उत्तर १४.१ येईल. पण आपल्याला त्या पाचांवरून मशीनबद्दल बोलायचंय. मशीनची खरी सरासरी आपल्याला माहीत नाही, आपण तिच्या जागी या पाचांचीच सरासरी वापरली. ती या पाचांच्या बरोबर मधे बसते, त्यामुळे वर्गांची बेरीज खऱ्या सरासरीपासून मोजली असती त्यापेक्षा कमीच निघते. चाराने भागल्यावर व्हेरिअन्समधली ही तूट सरासरीने भरून निघते. चारच का? चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो, कारण बेरीज शून्य व्हायला हवी. एकच पीस मोजला तर शून्याने भागायची वेळ येते, आणि ते योग्यच आहे, कारण एका पिसावरून पसरणं कसं कळणार?

तुमच्या कॅल्क्युलेटरची दोन उत्तरं ती हीच. एक्सेलमध्ये नावाच्या शेवटी ‘एस’ असलेलं फंक्शन नमुन्यासाठी, ‘पी’ असलेलं सगळा माल मोजला असेल तेव्हा. कॉलेजच्या पेपरात मात्र आधी तुमच्या पुस्तकातलं सूत्र बघा, बऱ्याच ठिकाणी पूर्ण संख्येनेच भागतात.

एक सावधगिरी. पुस्तकात शॉर्टकट असतो: वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग. परीक्षेतल्या छोट्या आकड्यांना तो छान आहे. पण पहिल्या मशीनची मापं त्यात तशीच घाला. वर्गांची सरासरी येते ४००.०००२, त्यातून ४०० वजा. मधेच तीन दशांश स्थळांवर आकडा तोडलात की विचलन शून्य! म्हणून आधी सगळ्या मापांतून २० वजा करून टाका. सगळ्यांतून सारखीच संख्या वजा केली तर विचलन बदलत नाही.