"मॅडम, दिवसातून दहादा सांगते, तरी ही ब्रश करत नाही!"

दातांना तारा बसवलेल्या मुलांच्या आया माझ्याकडे बहुतेक हीच तक्रार घेऊन येतात. सांगून सांगून तोंड दुखलं, पण पोरगं नीट दात घासेल तर शपथ! मध्यंतरी आलेल्या एका ताईंचंही तेच होतं. मुलगी नववीत. तिला ईशा म्हणू; ओळख कळू नये म्हणून बाकीचे तपशीलही थोडे बदलले आहेत.

उपचार दीड-दोन वर्षांचे, निम्मेही झाले नव्हते. हिरड्या सुजलेल्या, आणि वरच्या दातांवर ब्रॅकेटच्या (तार अडकवायला दातावर चिकटवलेल्या बारक्या तुकड्याच्या) कडेनं खडूसारखे पांढरे डाग. दाताच्या वरच्या थरातली खनिजं निघून जायला लागल्याची ही पहिली खूण. साफसफाईत हयगय झाली तर महिनाभरातही दिसू शकते. "असंच चाललं तर तारा मध्येच काढाव्या लागतील," असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून ताईंची झोप उडाली होती. पैसेही भरून झाले होते ना!

ईशाशी मी एकटीशी बोलले. आधी नुसतं "हं", "माहीत नाही". मग म्हणाली, "मी बेसिनकडे निघालेलीच असते, तेवढ्यात आई विचारते, 'ब्रश केलास का?' मग जावंसंच वाटत नाही." या वयात यात नवल काहीच नाही.

मग तिचा दिवस कसा जातो ते विचारत गेले. क्लासहून येऊन जेवण, की लगेच मोबाइल घेऊन अंथरुणात. आईनं रात्री दहाचा अलार्म लावून दिलेला. तो वाजायचा तेव्हा बाईसाहेब पांघरुणात. बोट फिरवलं की गप्प. शाळेत डब्यानंतर मैत्रिणींसमोर चूळ भरायची लाज वाटायची, त्यामुळे पोह्यांतली कोथिंबीर घरी येईपर्यंत तारेतच. आणि तार घट्ट केल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकायचे, तेव्हा ब्रश टेकवणंही नको व्हायचं. हे शेवटचं तिनं घरी बोलूनच दाखवलं नव्हतं.

माझं मत असं, की रिमाइंडर विसरण्यावर चालतो. लाजेवर, दुखण्यावर किंवा आईवरच्या रागावर त्याचा काही उपयोग नाही. नेमकं अडतंय कुठे हे न बघता अलार्म वाढवत नेले, तर मूल ते बंद करण्यात तरबेज होतं, बस्स.

दुखण्यासाठी मऊ ब्रश आणला. शाळेच्या दप्तरात दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश ठेवला. मधल्या सुट्टीत तो वापरायचा आणि खळखळून चूळ भरायची, मैत्रिणी परत वर्गाकडे वळल्या की. डॉक्टरांना विचारून रात्रीसाठी फ्लोराइडचं माउथवॉशही सुरू झालं. रात्रीचा अलार्म दहावरून ताट उचलायच्या वेळेवर आणला, म्हणजे ती बेसिनपाशीच असते. त्याचा मजकूर तिचा तिनंच लिहिला: "ए बाई, वरची ओळ, हिरडीकडून!" नुसतं "ब्रश कर" चार दिवसांत डोळ्यांना दिसेनासं होतं. म्हणून मजकूर आणि ट्यून अधूनमधून बदलायची, हेही ठरलं.

ताईंना मात्र रोज विचारायचं बंद करायला सांगितलं. त्याऐवजी ईशानं रविवारी एकदा रंगाची गोळी चघळायची. दातांवर जिथे मळाचा थर राहिलाय तिथे रंग चढतो.

"आणि तिनं घासलेच नाहीत तर?"

"तर रविवारी आरशात तिचं तिलाच दिसेल."

ताईंना पटलं नाही, चेहऱ्यावरच दिसत होतं. मग सांगितलं, की अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकांना आठवड्यातून एकदाच मेसेज जायचा, तरी त्या मुलांच्या दातांवरचा थर आणि हिरड्या इतरांपेक्षा बऱ्या राहिल्या. 2016 मधल्या इटलीतल्या अभ्यासात तर मुलांचाच व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात ती दातांचे सेल्फी टाकायची. तिथेही फरक पडला. "आठवड्यातून एकदा?" ताई म्हणाल्या. "मी तर एका जेवणात तीनदा म्हणते."

पुढच्या काही तपासण्यांत हिरड्यांची सूज उतरली, रक्त येणं जवळजवळ थांबलं. पांढरे डाग आहेत तसेच आहेत. तारा निघाल्यावर त्यांचं काय करायचं ते डॉक्टर बघणार आहेत. परीक्षेच्या आठवड्यात अलार्म पुन्हा पांघरुणातून बंद झाला आणि ताईंचा मला फोन आला. रविवारपर्यंत थांबा म्हटलं. थांबल्या, कुरकुरत.

तारा निघाल्यावर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रिटेनर घालायचा, तोही विसरण्यात मुलं पटाईत असतात. त्याचा अलार्म मीच लावणार, असं ईशानं आईला आत्ताच बजावून ठेवलंय.