कळतं सगळं, बोलत मात्र नाही

प्रश्न : नातू ७ वर्षांचा, जन्मापासून परदेशात. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. व्हिडिओ कॉलवर 'कसा आहेस, जेवलास का' याच्या पुढे गाडी सरकत नाही. मागून सूनबाई 'मराठीत बोल' म्हणाली की तो उठून जातो. काय करावं?

उत्तर : आधी ते 'मराठीत बोल' बंद करा. त्याने गप्पांची तोंडी परीक्षा होते. त्याला कळतंय हे भांडवल थोडं नाही. तो इंग्रजीत बोलला तरी तुम्ही न रागावता मराठीतच बोलत राहा.

'आज काय केलंस?' याला 'नथिंग' हेच उत्तर येणार. त्याऐवजी निवड करायला लावा. 'बूट फाटला? डावा की उजवा?' शब्द तुमच्या प्रश्नातच असतो, त्याला नुसता उचलायचा असतो. 'बूट फाटली' म्हणाला तर चूक दाखवू नका. 'अरेच्चा, फाटला का बूट!' एवढं पुरे.

एक चूक बऱ्याच घरांत दिसते : मुलगा 'मी जाते, मी आले' म्हणतो. हसू नका. मराठी फक्त आईकडून आणि आजीकडून कानावर पडत असेल, तर 'जातो, आलो' त्याला मिळणार कुठून? उपाय म्हणजे आजोबा. आठवड्यातला एक कॉल एकट्या आजोबांचा ठेवा. (वडीलच तेवढे मराठी बोलत असतील, तर नात 'मी जातो' म्हणते.)

कॉल १०-१५ मिनिटांचाच, पण वार-वेळ ठरलेली हवी. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत असतील, तर वेळ तेव्हाच नव्याने ठरवा. हाताला काहीतरी उद्योग द्या. पिशवीत एक वस्तू लपवा. 'मऊ आहे का? गोल आहे का?' असं विचारत त्याने ती ओळखायची, पुढच्या वेळी लपवायची पाळी त्याची. आवाज किंचित उशिरा पोचतो, म्हणून विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजा. नाहीतर दोघं एकदम बोलता आणि तो गप्प होतो. खिडकी पाठीशी नको, चेहरा काळा दिसतो.

प्रश्न : सुट्टीत आलेल्या नातीला आजोबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. फोनवर जमेल?

उत्तर : जमेल. फोन एअरप्लेन मोडवर टाकून घडी केलेल्या टॉवेलवर, आजोबांपासून वीतभर अंतरावर ठेवा. पंखा बंद करा. मुद्रण बिघडतं ते बहुतेक त्याच्या घरघरीने. मिनिटभर मुद्रित करून इयरफोनने ऐका, मगच पुढे जा. एका बैठकीला ३०-४० मिनिटं पुरे, थकवा आला की गोष्टी आटोपत्या होतात.

'लहानपण कसं होतं?' विचारलं की 'छान होतं' म्हणून विषय संपतो. 'दारातून आत शिरलं की डाव्या हाताला काय होतं?' विचारा, माणसं आपोआप घरात येतील. आजोबा थांबले तर नातीने लगेच पुढचा प्रश्न विचारू नये. बरेचदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतरच निघते.

फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग विषय. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी. जुने फोटो दाखवून बोलतं केलंत तर त्यातल्या माणसांची नावं मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचे वळ पुढे उमटतात.