श्रमदानाला गुण आणि 'शुश्रूषा'

एका प्राध्यापिकाबाईंनी विचारलंय: वर्गात शिकलेलं वस्तीत जाऊन कामी लावायचं आणि त्या कामातून पुन्हा शिकायचं, ह्या 'सर्व्हिस लर्निंग'ला मराठीत 'श्रमदान' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. बदल्यात गुण घेतले की दान कसलं? परवा पुण्यात वेताळ टेकडीवर एक मुलगा फॉर्म घेऊन आडवा आला. "काका, श्रमदानाचे दोन तास झाले, सही देता?" रोपांना पाणी घातलंस का विचारलं, तर म्हणे, "पाणी दुसऱ्या ग्रुपकडे आहे." राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाचे १२० तास मोजतात. मोजोत बापडे, निदान नावात 'दान' तरी नाही.

'सेवा' काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. खरी गंमत 'शुश्रूषा'त आहे. आधी नीट लिहा: शु ऱ्हस्व, श्रू दीर्घ. दवाखान्यातल्या पाट्यांवरचा 'सुश्रुषा' हा शब्दच नव्हे. 'ज्ञा'ची जिज्ञासा, 'पा'ची पिपासा, तशी 'श्रु'ची शुश्रूषा, म्हणजे ऐकायची इच्छा! आजाऱ्याची उशापायथ्याची कामं हा अर्थ मागाहून आला. मनुस्मृतीत (२.२१८) म्हटलंय की कुदळीने खणता खणता माणसाला पाणी लागतं, तशी गुरूपाशी असलेली विद्या 'शुश्रूषू'च्या, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याच्या, हाती लागते. शिकणं आणि राबणं, दोन्ही एका शब्दात!

आमचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक म्हणतात, त्या श्लोकात 'शुश्रूषू'चा अर्थ फक्त 'सेवा करणारा', कानाचा काही संबंध नाही. मग 'पोरगं ऐकत नाही' म्हणताना आपण त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेतो का? ऐकणं म्हणजे सांगितलेलं करणं, ही वाट मराठीनेही चोखाळलीच आहे. मराठी कोशकारही बहुधा 'सेवा, चाकरी' एवढं देऊन मोकळे होतात, ह्याचा मला राग आहे.

माझं तर म्हणणं, आधी ऐकावं आणि मग हात लावावा, हा क्रम शब्दातच आहे. वस्तीत गेल्यावर पहिल्या दिवशी झाडू न उचलता नळाच्या रांगेतल्या बायकांचं ऐकून घेणारा विद्यार्थी खरा शुश्रूषू. पुण्याला ह्याचं नवल नको. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने शंभरेक वर्षांपूर्वीच बायकांना शिक्षणाबरोबर परिचारिकेचं काम शिकवलं होतं.

हां, बाईंचा प्रश्न राहिलाच. 'सेवाध्ययन' म्हणा. 'शुश्रूषा' सुचवणार होतो, पण परिपत्रकात ते 'सुश्रुषा'च छापतील.